पंप पाणी ओढत नाही

समा, बडोदे
७ एप्रिल २०२५

चि. उत्कर्षा,

आशीर्वाद. कोल्हापूरला नोकरीला गेल्यापासून तू मला तीनदा फोन केलास आणि तिन्ही वेळा मी नुसतं "हो, हो" म्हटलं. त्यातलं एक अक्षर मला कळलेलं नाही. कानातलं मशीन लावलं तर फोनजवळ शिट्टी मारतं, काढलं तर तू माशीसारखी गुणगुणतेस. तेव्हा मी ज्या ज्या गोष्टीला हो म्हटलं ते सगळं रद्द समज. यापुढे टपाल. माझी शाळा तिसरीपर्यंत झाली आहे, तेवढी पत्राला पुरते.

काम असं आहे. सोसायटीच्या विहिरीवरचा पंप आठ दिवस झाले पाणी ओढत नाही. मोटर फिरते, आवाज करते, टाकीत टिपूस नाही. आधी सकाळी थोडी मनधरणी केली की चालायचा. आता तेही नाही. कॉर्पोरेशनचं पाणी प्यायला पुरतं, पण बावीस घरांची धुणीभांडी आणि न्हाणी विहिरीवरच आहेत, तुला माहीत आहे.

चेअरमन जयसिंगराव काल आमच्या दारातल्या ओटल्यावर येऊन बसले. म्हणाले, "मथुराबाई, जुना झाला पंप. पाच हॉर्सपॉवरचा ऑटोमॅटिक बसवून टाकू. आपोआप चालू, आपोआप बंद. तुम्ही आता आराम करा."

मी म्हटलं, "आराम करायला मला काय धाड भरली आहे?"

खरं सांगते. ऑटोमॅटिक आला की पंपाची चावी गेली. तुझे आजोबा कोयलीला रिफायनरीच्या पंप हाऊसात होते, त्यांनी हा पंप बसवला, आणि ते गेल्यापासून पंधरा वर्षं मी चालवते. सोसायटीत कुणाचंही लग्न असो, बारसं असो, आधी मला विचारतात, "काकी, पाणी किती वाजता?" चावी गेली की मी नुसती तुझ्या बापाची, जनार्दनची म्हातारी आई. तशा या सोसायटीत अकरा आहेत.

तू पंपाच्या कारखान्यात आहेस. काय ते कळव. लांबण लावू नकोस.

तुझी आजी

ता. क. माझे गुडघे उत्तम आहेत. बाप काही लिहील तर विश्वास ठेवू नकोस.


कोल्हापूर
१३ एप्रिल

प्रिय आजी,

सा. न. वि. वि. (वि. वि.चा अर्थ मला येत नाही, पण आईने फोनवर सांगितलं की हे नसलं तर तू पुढचं वाचणार नाहीस.)

तू लिहिलंस, पंप पाणी ओढत नाही. आजी, चांगला पंपसुद्धा पाणी ओढत नाही! कारखान्यात पहिल्याच दिवशी आमच्या ट्रेनिंगच्या सरांनी हे फळ्यावर लिहिलं होतं. पंपाच्या आत पात्यांची एक चकती असते. ती गरगर फिरते आणि आतलं पाणी बाहेर भिरकावते. पाणी गेलं की मध्ये जागा रिकामी पडते. आता विहिरीतल्या पाण्यावर वरून हवा बसलेली आहे, आणि हवेला वजन असतं. ती पाणी दाबते, ते पाइपातून त्या रिकाम्या जागेकडे चढतं. म्हणजे खालून ढकलणारी हवा. पंप फक्त जागा करून देतो.

पण हे व्हायला आधी पंपात पाणी हवं. आत हवा असेल तर चकती हवाच घुसळत बसते. हवा हलकी, ती भिरकावली जात नाही, मग जागा रिकामी होत नाही. तुझी मोटर फिरते आणि पाणी येत नाही, म्हणजे पंपात हवा शिरली आहे. रोज रात्रीतून पाणी खाली उतरून जात असणार.

मला वाटतं फूट व्हॉल्व्ह आहे. तो बघून घे. नक्की तोच असेल.

आणि "मनधरणी" म्हणजे काय करायचीस? नीट लिही.

तुझी
उत्कर्षा


समा
१९ एप्रिल

चि. उत्कर्षा,

आशीर्वाद. तुझ्या शिक्षणावर बापाने पाणी ओतलं ते वाया गेलं.

तू लिहिलंस, फूट वाल बघ. मी हार्दिक प्लंबरला बोलावलं. दोन पोरांचा बाप आहे, पण चालतो असा की पाय भाड्याने आणलेत. आमच्याकडे वाल एकच, वर टाकीकडे जाणाऱ्या पाइपवर, चाक फिरवायचा. तो त्याला सगळा उघडून दाखवायला लावला. मी चष्मा लावून स्वतः बघितला. कुठे तडा नाही, चीर नाही, काही नाही. हार्दिक म्हणाला, "बा, वाल तो एकदम सारो छे." वाल फुटलेला नाही, उत्कर्षा. फूट पडली आहे ती सोसायटीत. निम्मे जयसिंगरावांकडे, निम्मे माझ्याकडे.

हवेचं वजन वगैरे वाचलं. हवेला वजन असतं तर ही समा सोसायटी कधीच जमिनीत गेली असती, इथे लोक हवेतच बोलतात.

दुसरं काही सुचत असेल तर लवकर लिही. चार मेला सभा आहे आणि ऑटोमॅटिकचा ठराव आहे.

आजी


कोल्हापूर
२४ एप्रिल

आजी,

सा. न. माझं चुकलं. मी हसत हसत रडले आणि हॉस्टेलच्या मुलींना तुझं पत्र वाचून दाखवलं, त्याचीही माफी.

फूट म्हणजे फुटलेला नाही. फूट म्हणजे पाय, इंग्रजीतला. पायाचा व्हॉल्व्ह. विहिरीत जो पाइप उतरतो त्याच्या अगदी तळाशी, पाण्याच्या आत, एक जाळीचं भांडं असतं. त्यात एक झडप असते. पाणी वर येताना ती उघडते, मोटर थांबली की मिटते. ती मिटली म्हणजे पाइप आणि पंप रात्रभर पाण्याने भरलेले राहतात आणि सकाळी काही करावं लागत नाही. ती नीट मिटली नाही तर पाणी हळूहळू विहिरीत परत जातं आणि सकाळी पंपात हवा.

म्हणजे तुझी मनधरणी मला कळली. तू रोज सकाळी पंपात वरून बादल्या ओततेस. पंपाच्या चौथऱ्याच्या पायऱ्या चढून. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. बाबांना माहीत आहे का?

हार्दिकभाईंना सांग, पाइप वर खेचून तळाचा फूट व्हॉल्व्ह बघा.

उत्कर्षा


समा
३० एप्रिल

चि. उत्कर्षा,

आशीर्वाद. तुझं पत्र हार्दिकला वाचून दाखवलं. पाइपच्या तळाची जाळी म्हटल्याबरोबर तो म्हणाला, "अरे बा, ए तो फूटबॉल केवाय!"

मी म्हटलं, "मेल्या, मग आधी का नाही बोललास?"

"तमे वाल बोल्या, बा. फूटबॉल बोल्या होत तो हूं पेला दिवसेज काढत."

फुटबॉल म्हटलं असतं तर पहिल्याच दिवशी काढला असता म्हणे. म्हणजे तू लिहिलंस फूट वाल, मी वाचलं फुटका वाल, आणि याच्या भाषेत तो फुटबॉल. तिघं एकाच वस्तूबद्दल बोलत होतो आणि तिघांच्या मध्ये बावीस घरं अंघोळीवाचून बसली होती.

चार माणसं लावून पाइप वर खेचला. झडपेत तंबाखूच्या माव्याची प्लॅस्टिकची पुडी अडकलेली. एवढीशी. पण झडप मिटू देईना. कुणीतरी मावा खाऊन पुडी विहिरीत टाकली, आणि मी महिनाभर पंपाला शिव्या घातल्या. पुडी सभेत दाखवायची म्हणून धुऊन ठेवली आहे. जयसिंगराव मावा खातात. मी काही म्हणत नाही.

पुडी काढली, पाइप सोडला, एकदा पंप भरला. सहाव्या मिनिटाला टाकीत पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं, बादली नाही, काही नाही, पाणी! तू म्हणालीस तसं रात्रभर पाइप भरलेला राहिला. अशी गोष्ट पंधरा वर्षांत मला कुणी सांगितली नाही. तुझे आजोबासुद्धा रिफायनरीचे पंप सांगायचे, घरचा सांगायचे नाहीत.

चार तारखेचा ठराव आता बारगळलाच समज. मी मुगाचे लाडू केले होते ते पाठवते. टपालात चुरा झाला तर चमच्याने खा.

बादल्यांचं बापाला सांगू नकोस.

आजी


समा
१८ मे

चि. उत्कर्षा,

आशीर्वाद. लाडू पोचल्याचं तू लिहिलं नाहीस, पण ते राहू दे.

पंप परत बंद. या वेळी फुटबॉल नाही, हार्दिकने दोनदा वर काढून बघितला. झडप चोख मिटते. पंप पाण्याने भरलेला असतो, मी स्वतः झाकण उघडून बघते. सुरू केला की पाच मिनिटं पाणी येतं, मग धार लटपटते, आणि आतून आवाज येतो म्हणे. मला ऐकू येत नाही, पण हाताला कळतं. पाइपवर हात ठेवला की खडे चावल्यासारखं लागतं. मग बंद.

उन्हाळा कडक आहे. विहिरीचं पाणी खाली गेलं आहे. हार्दिककडून दोरी सोडून मोजलं. पंपापासून पाण्यापर्यंत एकोणतीस फूट. मार्च महिन्यात वीस होतं. विहीर मात्र पन्नास फूट आहे, तेव्हा पाणी आहे, भरपूर आहे, पण येत नाही.

जयसिंगराव परत ओटल्यावर. "बघा मथुराबाई, मी म्हणत होतो. दीड हॉर्सपॉवरला जमत नाही. पाचचा बसवला की पाताळातूनसुद्धा ओढेल." लोकांना पटतं आहे. मोठा पंप जास्त ओढेल, यात न पटण्यासारखं काय आहे? मलाही पटलं, हेच वाईट. एक जूनला सभा आहे. त्याआधी तुझं पत्र आलं तर बरं.

अक्षर वाकडं आलं असेल, आडवं पडून लिहिते आहे. उकाडा फार.

आजी


कोल्हापूर
२४ मे

आजी,

सा. न. लाडू पोचले, चमच्यानेच खाल्ले, आणि ते एका दिवसात संपले म्हणून लिहायला लाज वाटली.

आडवं पडून का लिहितेस ते मला बाबांनी सांगितलं. तू परत बादली घेऊन चौथऱ्यावर चढलीस आणि पडलीस. गुडघ्याला पट्टा आहे. हे पत्र जोरात ओरडून लिहिते आहे असं समज.

आता पंप. तुझं मोजमाप बघून मी सरांकडे गेले. त्यांनी एकोणतीस फूट ऐकलं आणि पुढचं ऐकलंच नाही. म्हणाले, "आजींना सांग, घोडे कितीही जोडा, गाडी तिथेच."

आठव, पाणी कोण वर ढकलतं? हवा. पंप नुसती जागा रिकामी करतो. आणि हवेचं वजन ठरलेलं आहे. ते कुणाच्या हॉर्सपॉवरने वाढत नाही. पाइपातलं सगळं काढून टाकलं, अगदी काही म्हणता काही ठेवलं नाही, तरी हवा पाणी चौतीस फुटांच्या वर चढवू शकत नाही. तेही कागदावर. पाइपाचं घासणं, वाकणं, सगळं धरलं की प्रत्यक्षात चोवीस-पंचवीस. तुझं पाणी एकोणतीसवर आहे. ते पंपापर्यंत पोचता पोचता तुटतं, त्यात बुडबुडे होतात आणि ते पात्यांवर फुटतात. तुझ्या हाताला लागलेले खडे तेच. पाचचा बसवलात तरी तेच खडे चावेल, जास्त जोरात चावेल.

पण पंपाची दुसरी बाजू बघ. तो भिरकावतो ती बाजू. तिथे हवेचा संबंध नाही, तिथे मोटरचा जोर चालतो. म्हणजे पंपाला खालून घेता येत नाही फार, पण वर ढकलता येतं पुष्कळ. तेव्हा पंप मोठा करू नका, खाली न्या. आपल्या विहिरीत आत बारा फुटांवर सिमेंटचा ओटा आहे ना, ज्यावर आम्ही लहानपणी उतरलो की तू चप्पल घेऊन यायचीस? तिथे बसवा, हाच जुना पंप. मग पाणी त्याच्यापासून सतरा फुटांवर. आरामात.

आता वाईट बातमी. बटणही खाली न्यावं लागेल, नीट बंद पेटीत. सुरू करणाऱ्याने खाली उभं राहून पंप भरला आहे का बघायचं, आवाज ऐकायचा, खडे चावायला लागला तर लगेच बंद करायचा. म्हणजे ज्याच्याकडे चावी, त्याला रोज लोखंडी पायऱ्या उतरता यायला हव्यात आणि ऐकू यायला हवं. आजी, ते तू नाहीस. हे लिहायचं की नाही यावर मी दोन दिवस बसले. पाचचा बसवू द्यावा असंही मनात आलं. तोही चालणार नाहीच, मग दोष तुझ्यावर येणार नाही. पण तू मला विचारलंस म्हणून लिहिलं.

चाकाचा वाल सुरू करताना बंद ठेवायचा आणि मोटरने वेग घेतला की हळूहळू उघडायचा, हे तुला माहीत आहेच. तो वालही खाली पंपाशेजारीच घ्या, म्हणजे एकाच माणसाचं काम होईल, वर कुणाला थांबायला नको.

तुझी
उत्कर्षा


समा
८ जून

चि. उत्कर्षा,

आशीर्वाद. मी पडले नाही. बसले. जरा जोरात बसले.

तुझं पत्र तीस तारखेला आलं. पहिल्यांदा वाचलं आणि चुलीत घालायला निघाले. घरात चूल नाही म्हणून वाचलं. मग दुपारभर बसून राहिले. जनार्दन म्हणाला, "आई, तुझं काय बिघडतं? करू देत ना त्यांना पाचचा. बंद पडला की येतील तुझ्याकडेच." बाप-लेक एकाच मुशीतले. मी म्हटलं, "आणि तोपर्यंत बावीस घरांनी काय तुझ्या बोलण्याने अंघोळ करायची?" पंधरा वर्षं पाणी दिलं ते काय चावी कमरेला लटकवायला दिलं? थोडं त्यासाठीही दिलं. पण सगळं नाही.

सभेत गेले. जयसिंगरावांनी पाच हॉर्सपॉवरचं पत्रक वाटलं. मी हात वर केला आणि तुझं पत्र मोठ्याने वाचलं. हवेचं वजन आलं तेव्हा लोक हसले. मला तेच हवं होतं, मी तयारीने गेले होते. हार्दिक रोज आखाड्यात जातो, दंड बघ त्याचे. त्याला गच्चीवर उभा केला, हातात गवंड्याची लेव्हलची नळी, आणि नळीचं दुसरं टोक खाली अंगणात ताकाच्या पातेल्यात. म्हटलं, ओढ. त्याने ओढलं. ताक माणसाच्या डोक्याइतकं चढलं आणि थांबलं. हार्दिक लाल झाला, मग जांभळा झाला. जयसिंगराव खालून ओरडले, "अरे जोर लगाव!" मी म्हटलं, "जयसिंगराव, हा पाच हॉर्सपॉवरचा आहे. तुम्ही वर जाऊन दहाचे व्हा." मग त्याला खाली आणून पातेल्यापासून दोन हातांवर स्टुलावर बसवला. एका घोटात पातेलं अर्धं. बायका टाळ्या वाजवत होत्या. तू म्हणशील, आजी, हार्दिकचा दम संपला, तो काही हवेचा नियम नाही. विज्ञान कच्चं असेल, सभा पक्की झाली.

एक जण म्हणाला, पावसाळ्यात पाणी चढून पंप बुडेल. मी म्हटलं, विहिरीच्या दगडांवर हिरवी रेघ आहे बघा, ओट्याच्या तीन फूट खाली. दर वर्षी पाणी तिथेच थांबतं. गेल्या साली विश्वामित्री नदी सोसायटीत आली तेव्हा वर चढलं होतं, पण तेव्हा पंप देवघरात असता तरी बुडाला असता. ठराव झाला. जुनाच पंप, ओट्यावर.

मग चावी. मीच उठले आणि म्हटलं, माझ्याने उतरवत नाही आणि मला ऐकू येत नाही, तेव्हा चावी दुसऱ्याला द्या. मी चावी जयसिंगरावांच्या सुनेला दिली. निरुपमाला. शाळेत शिकवते, पहाटे उठते, सरसर उतरते, आणि मुख्य म्हणजे तिच्या सासऱ्यांना आता ऑटोमॅटिकचं नाव काढता येणार नाही. घरातल्याच सुनेच्या हातची चावी कोण काढून घेईल? तू हसू नकोस. हे काही मी आधी ठरवलं नव्हतं. देताना सुचलं.

पहिल्या दिवशी कंबर मोकळी मोकळी वाटली. दोन वेळा हात गेला. मग भाकऱ्या केल्या.

गुरुवारपासून पंप खाली आहे. पाणी असं येतं की टाकी भरायला आधी पाऊण तास लागायचा, आता पंचवीस मिनिटं. निरुपमा उतरते, पंप भरला आहे ना बघते, बटण दाबते. मी वर खुर्ची टाकून चाकापाशी बसलेली असते. पाइपवर तळहात ठेवते. मोटर फिरली की आधी नुसती थरथर लागते, मग पाइप गार पडायला लागतो. तेवढ्यात चाक उघडायचं, अर्धा फेरा, थांबायचं, मग पुढचा. घाई केली तर मोटर दमते. निरुपमा खालून ओरडते, "काकी, उघडा!" मला ऐकू येत नाही, पण तोवर मी उघडलेलं असतं. ती म्हणते, "काकी, तुम्हाला कसं कळतं?" मी म्हटलं, "शिकशील. दहा वर्षं घालव." आता लोक विचारतात, काकी, पाणी किती वाजता? निरुपमा म्हणते, काकी चाकावर बसल्या की.

तुझं पत्र सभेत मी अथपासून वाचलं, "ते तू नाहीस" हेही वाचलं, आवाज हलू न देता. फक्त शेवटची ओळ, चाकाचा वालही खाली घ्या, ती वाचायची राहिली. चष्मा घसरला. निरुपमाने पत्र मागितलं होतं, शाळेत मुलांना दाखवायला. मी म्हटलं, घरगुती आहे.

दिवाळीला येशील तेव्हा विहिरीवर ये, पण जयसिंगरावांसमोर तोंड उघडू नकोस.

आजी